विभागप्रमुख

वडगावच्या विणकराघरची स्वरूपा बेळगावातल्या एका मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायची. विभागप्रमुख पाटणेकर सर तिला वीस वर्षं एकच सांगत आले, "शिकवतेस लई छान गं, पण विभाग चालवणं तुला न्हाय जमायचं."

सर निवृत्त झाले. प्राचार्यांनी तिला दोनदा ते पद देऊ केलं. दोन्ही वेळा तीच म्हणाली, "मला न्हाय जमायचं."

यंदा सर वारले, तेव्हा कुठं तिनं होकार दिला. सरांनी देहदान केलं होतं.

नव्या मुलांच्या पहिल्या तासाला सरांच्या देहावरची चादर तिनंच बाजूला केली. हातात स्काल्पेल घेतलं, आणि मुलं बघत असतानाच वाकून हळूच विचारलं,



"सर, सुरू करू?"