दुसरा नमुना

पडद्यावरच्या जनुकक्रमाच्या दोन्ही ओळी शेवटच्या अक्षरापर्यंत जुळल्या, तेव्हा तिने खुर्ची मागे सरकवली.

एक नमुना तिच्या नवऱ्याच्या फुप्फुसातला होता. त्याला जाऊन महिना होत आला होता. एकही औषध लागू पडलं नाही, आणि जंतूंच्या अभ्यासात उभं आयुष्य घालवलेली ही बाई त्याच्या उशाशी नुसती बसून राहिली. दुसरा नमुना शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या इस्पितळातला. त्यावर नाव नव्हतं, वय नव्हतं. नुसता क्रमांक आणि ‘स्त्री’.

“पण जंतू तर वेगवेगळे आहेत,” शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली.

“जंतू वेगळे, पण औषधाला दाद न देणारा जनुकांचा तुकडा एकच. एक जंतू दुसऱ्याला चिकटतो, मधे नळी टाकतो आणि तुकड्याची नक्कल देऊन मोकळा होतो. नातं लागत नाही, जात लागत नाही. जवळ असलं की झालं.”

“आणखी कोणात सापडलाय हा?”

“कोणातच नाही. या दोघांतच.”



दर रविवारी नवरा बुद्धिबळ खेळायला जायचा. परतला की आधी अंघोळ, आणि अंगावरचे कपडे स्वतः धुवायचा. ती कौतुकाने चारचौघांत सांगायची. “काय झालं आज?” विचारलं की हसून म्हणायचा, “हरलो.” तो गेल्यावर त्या खेळातला एकही गडी घरी भेटायला आला नव्हता, हे आत्ता तिच्या ध्यानात आलं.

“एकटी राहू नकोस गं. आईला बोलावून घे,” मैत्रीण म्हणाली.

“तिचं नाव काढू नकोस.”

वडील गेल्यावर वर्षाच्या आत आईने दुसरं लग्न केलं, तेव्हापासून तिने आईचं तोंड पाहिलं नव्हतं. नवऱ्याने एकदा रदबदली करून पाहिली. “पुन्हा हा विषय नको,” असं तिने बजावलं, आणि त्याने तो पुन्हा काढला नाही. शहाणा माणूस, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती त्या इस्पितळात गेली. संसर्गाचा माग काढायचाय म्हटल्यावर कोणी अडवलं नाही. काय काय बोलायचं, ते तिने वाटेत घोकून ठेवलं होतं.

“या बाईंना भेटायला कोण येतं?” नमुन्याचा क्रमांक दाखवत तिने नर्सला विचारलं.

“एक गृहस्थ यायचे, दर रविवारी. केस विंचरून द्यायचे, घास भरवायचे. इतकं प्रेमाने कोण करतं हो हल्ली! पण महिन्याच्या वर झालं, फिरकले नाहीत. तेव्हापासून धड जेवत नाहीत या.”

आजारपणात तिने त्याला घास भरवला होता, तेव्हा तो नजर चुकवून रडला होता. ते रडणं आता तिला जिव्हारी लागलं.

तिने तोंडाला मास्क बांधला आणि दार ढकललं.

पलंगावरची बाई कानापर्यंत पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड करून पडली होती. पावलं ऐकून ती वळली नाही. तेवढं बळच नसावं. हात तेवढा पांघरुणाबाहेर आला आणि हवेत चाचपडत राहिला.

“आलात, जावईबापू? पोरीचा राग निवळला का हो थोडा?”