भिमीचा बांध

टेबलावर पाच वस्तू होत्या. पिवळं जीपीएस यंत्र, नऊ पिनांचं तोंड असलेली त्याची वायर, नवा यूएसबी कन्व्हर्टर, शाईचं पॅड आणि संस्थेने नुकताच घेतलेला लॅपटॉप. टेबलापलीकडे दोन माणसं. भिमी खुर्ची असूनही जमिनीवर बसली होती. सुदाम उभा होता.

संस्थेच्या रंजिताने वायर कन्व्हर्टरला जोडली आणि कन्व्हर्टर लॅपटॉपमध्ये खोचला. पडद्यावर पुन्हा तीच ओळ आली. यंत्र सापडले नाही.

“ताई, सोडा तो डबा,” सुदाम म्हणाला. “जुन्या कॉम्प्युटरशी बोलत व्हता. नव्याशी सोयरीक जमायची नाय.”

“जमवून बघू, सुदामदादा.”

२००९ सालचा नोव्हेंबर होता. आदल्या उन्हाळ्यात संस्थेसाठी सुदामने याच यंत्राने उंबरमाळीच्या वरच्या पाड्यातली वनजमिनीची रानं मोजली होती. भिमीचं रान शेवटचं. त्यानंतर शहापूरच्या या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर बंद पडला. नकाशे निघाले नाहीत. वनहक्काच्या दाव्याच्या कागदांवर यंत्राच्या पडद्यावरचे आकडे तेवढे चढले. भिमीच्या कागदावर एक एकर.

गेल्या महिन्यात सरकारी पडताळणीवाले आले आणि टेप टाकून गेले. रान भरलं पावणेदोन एकर.

म्हणजे मधल्या काळात भिमीने झाडं तोडून बांध खाली सरकवला, असा त्यांचा अर्थ. तसं ठरलं तर दावा रद्द, आणि सगळंच रान जाणार. उत्तर द्यायची मुदत आज संपत होती.

“पाड्यावर काय म्हनतात ठावं हाय का, बाय?” भिमी फरशीकडे बघत म्हणाली. “मी पान्याला गेले का बाया म्हनतात, बाजूला व्हा गो, भिमीच्या बांधाला पाय फुटलंत, अंगावर येल.”

“मोजणीच्या वेळी तुम्ही नव्हता?”

“आमी भट्टीवर. उनात सगला पाडाच विटांच्या भट्टीवर. कुत्रीं तेवढी घरी. माजा दादला लखमा ताप आला म्हनून मधीच परत आलता. मोजनी झाल्यावर. महिनाभर एकटाच व्हता रानात. त्यानंच सरकवला आसल. आता मेल्या मानसाला काय इचारू?”

तिने पदर तोंडावर ओढून घेतला.

सुदामने मान खिडकीकडे वळवली. भिमीला आसनगावपासून त्यानेच मोटरसायकलवर आणलं होतं आणि वाटेत चहाही पाजला होता.

“मी तरी काय करू, ताई? बांधाबांधानं चाललो मी, या पायांनी. दगडं, करवंदीच्या जाळ्या. पोटऱ्या सोलून निघाल्या. खोटं कसं बोलू? कबूल करून टाकू. वयनी अंगठा देल. मी सायबांच्या पाया पडतो. एक एकर तरी राहील.”

“राहील?”

“बाई मानूस हाय. दया करतील.”

“लिव तू, बाय,” भिमी म्हणाली. “लई लाज झाली. आता संपव.”

रंजिताने खणातून कोरा कागद काढला. आमची मोजणी चोख असते, असं दावे तपासणाऱ्या समितीपुढे तिनेच छाती काढून सांगितलं होतं. ते वाक्य आता तिला आठवायचं नव्हतं. दोन ओळी लिहून ती थांबली. बांध किती सरकला ते कळल्याशिवाय कबुली तरी कशाची लिहायची?

ती पुन्हा लॅपटॉपकडे वळली. कन्व्हर्टरला लॅपटॉपने अकरावं पोर्ट दिलं होतं. जुना प्रोग्राम आठाच्या पुढे बघतच नव्हता. तिने अकरा खोडून चार केलं. यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन बोलण्याची पद्धत बदलली आणि वायर काढून पुन्हा लावली.

यंत्र एकदा वाजलं. पडद्यावर निळी पट्टी सरकू लागली.

“लागला?” सुदामने विचारलं.

“लागला.”

मोजणीच्या वेळी यंत्र जिथून फिरलं, ती भिमीच्या नावाने जपलेली रेघ उघडली. आजच्या बांधाचे कोपरे रंजिताने परवाच नव्या यंत्राने टिपून आणले होते. ते तिने रेघेखाली मांडले. वरची बाजू जुळली. खालची जुनी रेघ बांधाच्या खूप अलीकडून, सपाट माळावरूनच वळून परत आली होती. क्षेत्र एक एकर.

“बघा,” सुदाम हळूच म्हणाला.

रंजिताने लॅपटॉप भिमीकडे फिरवला आणि बोटाने दाखवलं.

“म्हंजी खरंच सरकवलान,” ती म्हणाली. “पाड्यावर मी समद्यांशी भांडले गो. आना ती शाई.”

सुदामने पॅडचं झाकण उघडून तिच्यापुढे धरलं.

“थांबा,” रंजिता म्हणाली. “आणखी एक रेघ उतरवते.”

“आता कसली?”

“नाव देऊन जपलेल्या रेघेत हे यंत्र वेळ ठेवत नाही. पण ते स्वतःहूनही टिपत असतं, त्यात तारीख-वेळ असते. कबुलीत मोजणीची तारीख घालायला हवी.”

“तारीख मी सांगतो की. माज्या ध्यानात हाय.”

“असू दे. दोन मिनिटांचं काम.”

“ताई, ऱ्हाऊ द्या ना. वयनीला घरी सोडायचंय.”

निळी पट्टी पुन्हा भरली. ठिपके एकामागोमाग उमटले, प्रत्येकापुढे त्याची वेळ. रंजिताने भिमीच्या रानाभोवतीचा पहिला ठिपका निवडला, मग शेवटचा. प्रोग्रामने खाली तीन ओळी लिहिल्या.

अंतर दोनशे ऐंशी मीटर. वेळ छप्पन्न सेकंद. सरासरी वेग ताशी अठरा किलोमीटर.

रंजिताने खिडकीबाहेर उभ्या असलेल्या सुदामच्या मोटरसायकलकडे पाहिलं.