तालावर नाचणाऱ्या पट्ट्या

"तू कोडला हात लावलास," ती दातओठ खात म्हणाली.

लंबूने नकारार्थी मान हलवली. प्रोजेक्टमधला तिचा हा जोडीदार सहा फूट उंच होता आणि तिच्यापुढे कायम वाकून उभा असायचा. त्याने कशालाही हात लावला नव्हता. गाणं सुरू होऊन मिनिट झालं होतं आणि त्याच्या तालावर नाचायच्या रंगीत पट्ट्या पडद्याच्या तळाशी आडव्या पडल्या होत्या. समोर परीक्षक बाई हेडफोन लावून तेच गाणं ऐकत होत्या. शेजारच्या वर्गात लेखी परीक्षा होती, म्हणून आज स्पीकरला बंदी. प्रयोगशाळेत कोणी शिंकतही नव्हतं.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तीन महिने तिने या प्रोग्रॅमवर रक्त आटवलं होतं. पहिल्या येणाऱ्या जोडीला दुसऱ्या शहरात नोकरी मिळणार होती, आणि तिला काहीही करून घरातून बाहेर पडायचं होतं. वडील रोज संध्याकाळी कामावरून आले की आईवर तोंड सोडायचे. कारण काहीही चालायचं, चपला वाकड्या ठेवल्या एवढंसुद्धा. आई गप्प. त्या गप्प बसण्याचा तिला वडिलांपेक्षा जास्त राग यायचा. देवाने तोंड दिलंय ते काय फक्त जेवायला? मग ती आपल्या खोलीचं दार लावायची, कानांवर हेडफोन दाबायची, गाणं मोठं करायची आणि कोड लिहायला बसायची.

कॉलेजात स्पीकरवर लावलं की प्रोग्रॅम झकास चालायचा. घरी त्याहून झकास. तिथे पट्ट्या गाण्याच्या जरा पुढेमागे उसळायच्या, पण तो दोष तिने म्हाताऱ्या लॅपटॉपच्या माथी मारला होता. आता लॅपटॉपला बोलून उपयोग नव्हता. लंबू समोर होता, त्याला बोलता येत होतं, म्हणून ती त्याला बोलत सुटली.

बाईंनी तिला थांबवलं. आधीचं काही रेकॉर्डिंग असेल तर तेच दाखवा, म्हणाल्या.

होतं. आदल्या संध्याकाळीच तिने घरी चालू प्रोग्रॅमचा व्हिडिओ करून ठेवला होता. आवाज बंद ठेवून एकदा चित्र तपासलं होतं, बस. तिने तो लावला. पट्ट्या ताडकन उठल्या. लाल पट्टी तर पडद्याच्या टोकाला जाऊन भिडली. मागच्या बाकांवरची पोरं पुढे सरकली.

"बघा मॅडम, काल चालत होतं," ती म्हणाली. "आज याने माती केली."

बाई पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी कानांवरचे हेडफोन दाबून धरले होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. त्यांनी व्हिडिओ थांबवला, कोड उघडला, खालीवर सरकवून पाहिला. चूक एका ओळीची आहे, त्या हळूच म्हणाल्या. प्रोग्रॅम गाण्याची फाइल ऐकतच नाही. तो लॅपटॉपचा माइक ऐकतो. खोलीत जो आवाज असेल त्यावर नाचतो, आणि रेकॉर्डिंगमध्येही तोच आवाज आलाय. उद्या दुरुस्त करून आणा, गुण कापणार नाही.

"मग हिच्या घरी कशावर नाचत होता?" लंबूने विचारलं.

बाईंनी हेडफोन काढले, तिच्या हातात दिले आणि व्हिडिओ पुन्हा सुरू केला.

गाणं नव्हतंच. वडील होते. एकेका शिवीला लाल पट्टी वर जात होती, अगदी वेळेवर, एकही ठोका न चुकता. घरी ज्या नाचावर ती स्वतःच खूश व्हायची, तो हा. तिचे कान तापले. सगळा वर्ग अजून कौतुकाने पडद्याकडे बघत होता. तिने व्हिडिओ बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात वडील दम घ्यायला थांबले आणि त्या फटीतून आईचा आवाज आला, कुजबुजल्यासारखा.

"हळू बोला. पोरगी अभ्यास करतेय."

पडद्यावर एकही पट्टी हलली नाही.