सपाट बुडाची कढई

"शेगडी कसली आहे, आजी?" दुकानदाराने विचारलं.

प्रश्न साधाच होता, पण युक-लानच्या तोंडचं पाणी पळालं. लेक मान-यी शेजारीच उभी होती आणि मधे बोलायचं नाही, असं घरून ठरवून आली होती.

"काचेची," युक-लान म्हणाली. "सपाट. जाळ नसतो तिला."

मान-यीने सोडलेला श्वास तिला स्पष्ट ऐकू आला.

गेल्या महिन्यात युक-लानने गॅसवर पेज चढवली आणि मासळी आणायला निघून गेली. परत आली तर सातव्या मजल्यावर धूर आणि दारात आगीचे बंबवाले. थोरल्या लेकाने, किन-वाने, दुसऱ्याच दिवशी गॅस तोडून काचेची शेगडी बसवली. आईला अजून काही कळतंय असं दिसलं तर राहू दे घरात, नाहीतर तुन मुनच्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झालीये, असं त्याने बहिणीला बजावलं होतं. म्हणून आज शांघाय स्ट्रीटवरच्या भांड्यांच्या दुकानात ही कढईची परीक्षा. साठ वर्षं कढई हलवलेल्या बाईची! निकाल मान-यीने इथूनच फोनवर कळवायचा होता.

युक-लान जीव मुठीत धरून उभी होती. उजवी मूठ तिने घरापासून उघडलीच नव्हती.

डाव्या हाताने तिने समोरची एक कढई उचलली, कोपराला अडकवली, मिटलेल्या मुठीच्या पेराने टकटक केली आणि कान लावला. ठण्ण! आवाज लांबपर्यंत गेला आणि कुठेही फाटला नाही. क्षणभर तिची भीती पार पळाली.

"हीच! पत्रा सगळीकडून सारखा आहे. हातोड्याने ठोकलेली आहे ना?"

"कान तयार आहे हो आजींचा," दुकानदार हसला. गल्ल्याजवळ त्याने एक जाड काच याचसाठी ठेवली होती. तिच्यावर त्याने कढई टेकवली. कढई एका अंगाला कलली, मग दुसऱ्या अंगाला, आणि डुलत राहिली. बूड गोल होतं.

"आई," मान-यी म्हणाली.

युक-लानने पाठ फिरवली आणि मूठ हळूच उघडली. सकाळी बॉलपेनने तळहातावर चार शब्द लिहिले होते. घामाने तीन पुसून निळा डाग झाला होता. उरलं होतं फक्त 'चुंबक'.

खिशात चुंबक होतं, फ्रिजच्या दारावरचं, अननसाच्या आकाराचं. चुंबक चिकटेल तेच भांडं या शेगडीवर तापतं, एवढं तिला ठाऊक होतं; तिने ते कढईला लावलं. चिकटलं. दुसरीला लावलं, चिकटलं. तिसरीलाही. लोखंडाला ते चिकटणारच! मग निवडायची कशी? आणखी काय होतं त्या हातावर? किन-वाने दाखवलेल्या तुन मुनच्या त्या खोलीत आठ खाटा होत्या आणि खिडकी एकच. ते मात्र तिला नीट आठवत होतं.

मग तिने चुंबक खिशात टाकलं आणि एकेक कढई काचेवर ठेवायला सुरुवात केली. डुलली की बाजूला.

"आजी, सगळं दुकान खाली काढणार का?"

"तू लंगोटात होतास ना, तेव्हापासून कढया बघतेय मी. गप उभा राहा."

सहावी डुलली नाही. युक-लानने तिला बोटाने ढकलून पाहिलं. हलली नाही. लाकडी दांडा होता, एका हाताने उचलत होती. आवाज थोडा बोदा होता, पण फुटका नव्हता.

"ही," ती म्हणाली, आणि तिला रडू येईलसं वाटलं.

"पहिल्यांदा वापरायच्या आधी तिला..." दुकानदाराने सुरुवात केली.

"तापवून निळी करायची, मग डुकराची चरबी आणि लसणीची पात फिरवायची. काचेवर कडा लवकर तापायच्या नाहीत. मला घाई नाही."

दुकानदाराने कान पकडले आणि कढईला लाल सुतळी बांधायला घेतली. मान-यी हसत होती, फोन कानाला होता. "स्वतः निवडली, दादा! सगळ्या ठेवून बघितल्या तिने. अरे, दुकानदारालाच शिकवत होती..."

बोलता बोलता तिने आईचा हात धरला. तो ओलाचिंब होता. मान-यीच्या बोटांना निळं लागलं. तिने बोटांकडे पाहिलं, मग आईची मूठ उलगडली. हसू ओसरलं.

युक-लानने डोळे मिटून घेतले. संपलं सगळं.

"घोळ नाही ना काही?" फोनमधून किन-वाचा आवाज आला. "खरं सांग."

मान-यी तळहाताकडे बघत राहिली.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही." आणि फोन बंद केला.

दुकानदाराचं पेन मागून घेऊन तिने आईचा तळहात आपल्या बाहीने कोरडा पुसला आणि त्यावर लिहिलं: शेगडी बंद कर. तीनच शब्द, पण अक्षरं वेडीवाकडी आली.

युक-लानने ते वाचलं आणि बोटं मिटायला लागली.

"घट्ट नको मिटूस, आई," मान-यी म्हणाली. "पुसलं जाईल."