उसन्या कमरेचं माप

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आरोग्यसेविका सुई घेऊन यमुनाबाईंच्या दारात आली.

"यमुनाताई, आरोग्य केंद्रानं तुमच्या परकराला दिलेल्या मोजणीच्या नाडीनं महिनाभर पोटाचं माप धाडलंय. मापात कंबर बारीक, पण आत यकृताभोवती चरबी दाटलीय. औषध टोचलं नाही, तर मधुमेह पक्का."

यमुनाबाई पोटावर पदर ओढून शरमेनं आक्रसल्या. जाड कंबरेच्या बायकांची नावं चावडीवर लागतात, म्हणून ती नाडी त्यांनी महिनाभर आपल्या शिडशिडीत जावेला बांधायला दिली होती.

यातलं काहीच न ऐकलेली जाऊ मंजुळा परसातून हसत आली. "सिस्टर, चहा घ्या. माझ्यासारखं बारीक राहायचं तर साखर दुप्पट लागते हं!"

सात वीसला यमुनाबाईंनी स्वतःचा दंड पुढे केला होता. खरं सांगायला तोंड अजून उघडलं नव्हतं.