बाईंचा निळा पेला

"पाचवा पेला," नात म्हणाली आणि वहीत खूण केली. "चला, पटकन. नाक दाबायचं नाही."

"बाई, माझं पोट दुखतंय," आजोबा म्हणाले.

"गृहपाठ केला नव्हतात तेव्हाही हेच म्हणाला होतात!"

आजोबांनी चाळीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला होता. शाळा-शाळा खेळायची कल्पना त्यांचीच. फक्त आज आठ वर्षांची नात बाई होती आणि ते विद्यार्थी. बाईंच्या नाकावर आजोबांचाच चष्मा होता. तो दर दोन मिनिटांनी घसरायचा.

नियमही आजोबांनीच ठरवला होता, अगदी खऱ्या शाळेतला. मुलांना जे करायला सांगायचं, ते आधी आपण करून दाखवायचं. शाळेत लस टोचायला माणसं आली, की पहिली बाही ते स्वतःची वर करायचे. म्हणून दर खेपेला बाई आपला छोटा निळा पेला आधी रिकामा करायच्या, तोंड वेडंवाकडं करायच्या, आणि मग आजोबांच्या मोठ्या काचेच्या पेल्याकडे बोट दाखवायच्या.

खेळ होता, तरी घरात हसायला कुणी तयार नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी संडासात रक्त दिसलं होतं. गोळ्या झाल्या, पथ्य झालं, रक्त काही थांबेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, दुर्बीण आत घालून बघावंच लागेल. आदल्या दिवशी कडक उपास आणि औषधानं पोट धुऊन स्वच्छ. आत जराही काही राहिलं तर परत पाठवणार, आणि पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची.

आजोबांची मुलगी सकाळपासून ओट्याशी पाठ करून उभी होती. एका भांड्यात पाकीट फोड, पाणी मोज. दुसऱ्या भांड्यात नुसतं पाणी घेऊन लिंबू पिळ.

"बाबा, सगळं संपायला हवं हं," ती मधूनच म्हणायची. "अर्धवट नाही चालणार."

"संपेल गं. आमच्या बाई कडक आहेत."

दुपारी शेजारून पाव भाजल्याचा वास आला. आजोबांना गरगरायला लागलं. सत्तरी उलटल्यावर उपास सोसत नाही. दिवसभर आपटणारं बाथरूमचं दार पुन्हा आपटलं. बाई खोलीत नाहीत असं बघून ते उठले, फळीवरचा बिस्किटांचा डबा काढला आणि झाकण उघडलं.

दारात मुलगी उभी होती. ती रागावली नाही.

"खा, बाबा," ती हळूच म्हणाली. "कुणाला कळणार नाही."

"बाईंना कळेल. तोंडाचा वास लपत नाही. मी असेच कितीतरी चोर पकडलेत."

डबा परत फळीवर गेला. मुलीनं नळ मोठा सोडला आणि त्या आवाजात नाक ओढलं.

आठव्या पेल्याला खेळ मोडला. नातीनं वही भिरकावली. "मला नाही व्हायचं बाई! मला नाही प्यायचं!"

आजोबा गुडघे धरत खाली फरशीवर बसले. "मग राहिलं. बाई नसतील तर मला जमायचं नाही."

"खोटं."

"खरंच. मला भीती वाटतेय."

हे ते खेळातलं बोलत नव्हते. नातीनं त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग तिनं घसरलेला चष्मा वर ढकलला, वही उचलली आणि निळा पेला तोंडाला लावला.

संध्याकाळपर्यंत वहीत बारा खुणा झाल्या.

सकाळी तिघं दवाखान्यातल्या बाकावर बसले. आजोबा सारखी बोटं मोडत होते.

"विद्यार्थी, हाताची घडी," नात कुजबुजली.

"हो, बाई."

नर्स फाईल आणि नावाची पट्टी घेऊन आली. "सगळं औषध प्यायलं ना नीट?"

"बारा पेले!" नातीनं वही पुढे केली. "एक थेंबसुद्धा ठेवला नाही."

"शाब्बास," म्हणत नर्स गुडघ्यावर बसली आणि नातीचं नाव लिहिलेली ती पट्टी तिच्या मनगटाला बांधली. मनगट इतकं बारीक, की शेवटच्या भोकापर्यंत ओढावी लागली.

नातीनं चष्मा काढून आजोबांच्या हातात दिला. "घाबरायचं नाही हं. आधी बाई, मग विद्यार्थी."

आजोबांनी मान डोलावली. नर्सच्या हातात दुसरी पट्टी नव्हती.