कार्तिकातला अनंत

कमलाकांतने सदऱ्याच्या खिशातून अनंताचं फूल काढलं आणि हंसासमोर धरलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरं हाताशी आली, पण नवऱ्याने आपल्यासाठी कधी फूल आणल्याचं हंसाला आठवत नव्हतं. दर्यातून तो मासळी आणी, बाजारातून किराणा. फूल नाही.

“कुठून आनला?”

“पालघरच्या बाजारातून. तुला आवडता ना.”

तिने लाजतच ते अंबाड्यात खोवलं. आरशात पाहिलं. कमलाकांत हातपाय धुवायला मागच्या दारी गेला आणि आरशातलं तिचं हसू हळूहळू मावळलं.

कार्तिक संपत आला होता. या दिवसांत बाजारात शेवंती मिळते, झेंडू मिळतो. अनंत हे पावसाळ्याचं फूल. यंदा मात्र पाऊस जायचं नावच घेत नव्हता. दिवाळीनंतर वादळाने होड्या किनाऱ्याला बांधून ठेवल्या, आणि ते सरल्यावर वैशाखासारखं ऊन पडलं. बोईसरच्या ज्या गल्ल्यांतून हंसा रोज मासळीची पाटी घेऊन फिरे, तिथलं एकच झुडूप या उलट्या हवेला फसलं होतं आणि पांढऱ्याशुभ्र फुलांनी भरून गेलं होतं. आज सकाळीच त्या बंगल्याच्या दिशाताईंनी तिला कुंपणापाशी बोलावून ते कौतुकाने दाखवलं होतं.

बंगला जेट्टीवाल्या कंपनीच्या साहेबांचा होता.

कंपनीला जेट्टी बांधायला गावचा किनारा हवा होता. जिथे हंसा आणि तिच्यासारख्या बायका बोंबील वाळत घालतात, तोच. गावाने त्याविरुद्ध कमिटी नेमली होती. कमिटीतल्या सगळ्यांनी देवळात नारळावर हात ठेवून सांगितलं होतं की साहेबाच्या दारात कोणी पाय ठेवायचा नाही. शपथेचे शब्द कमलाकांतनेच सांगितले होते, बाकीच्यांनी त्याच्यामागून म्हटले. हंसा कमिटीत नव्हती, तरी त्या दिवसापासून तिने बंगल्यावर मासळी देणं बंद केलं. चांगलं गिऱ्हाईक तुटलं, पण नवऱ्याचा शब्द तो आपला शब्द, असं तिला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम त्या गल्लीत गेली. झुडपावर नुसती पानं होती. दोन फांद्या मोडून लोंबत होत्या.

“बघ ना, हंसाबाई,” दिशाताई कुंपणाआडून म्हणाल्या. “काल संध्याकाळी ह्यांच्याकडे पाहुणे आले होते. जाताना फुलं ओरबाडून नेली. विचारलंसुद्धा नाही.”

हंसाने पाटी उचलली. उरलेले बोंबील विकायला ती थांबली नाही. रिक्षाने गावात आली आणि घरी न जाता थेट माहेरी गेली, धाकट्या भावाकडे.

ज्ञानेशही कमिटीत होता, पण त्याच्याबद्दल तिला शंका नव्हती. कंपनीची माणसं किनारा मोजायला आली तेव्हा त्यांचे खुंटे उपटून खाडीत फेकणारा तोच. तो अंगणात जाळं शिवत बसला होता. हंसा त्याच्यापाशी जमिनीवरच बसली आणि सगळं सांगून टाकलं. फूल, बाजार, मोडलेल्या फांद्या. सांगताना तिचा आवाज फाटत गेला.

“घो हाय माजा,” ती म्हणाली. “पन गावाला फसवलान. माज्या तोंडावर खोटा बोलला.”

ज्ञानेशच्या हातातली सुई थांबली. चेहरा लालबुंद झाला.

“बाय, आनखी कुनाला सांगितलास?”

“कुनाला नाय. पयला तुज्याकडेच आली.”

“बरा केलास. आता कुनाला बोलू नको. संध्याकाळी सभा हाय, भावोजींचा काय करायचा ते मी बगतो.”

त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला तशी ती रडायला लागली. आदल्या संध्याकाळपासून तिने रडू आवरून धरलं होतं. नवरा फिरला, पण पाठचा भाऊ तर आपला आहे. त्याच्या हाताखाली तिला लहान झाल्यासारखं वाटलं, आणि बरंही वाटलं.

“ठके, बाय आलीय. चाय टाक,” ज्ञानेशने आत आवाज दिला. मग त्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं. “नको, राहू दे. मीच आनतो,” म्हणत तो घाईने उठला.

पण चहा उकळत होताच. त्याची बायको कपबशी घेऊन बाहेर आली आणि नणंदेपुढे ठेवायला वाकली. तिच्या अंबाड्यात अनंत होता. पाकळ्यांच्या कडा पिवळ्या पडायला लागल्या होत्या.

हंसाने भावाकडे पाहिलं. तो जाळ्याकडे बघत होता.

“ठके,” तिने हळूच विचारलं, “ह्यो कुनी दिला?”

ठकी लाजली. फूल पडू नये म्हणून तिने अंबाड्यावर हात ठेवला.

“ह्यांनी. काल पालघरला कमिटीचे सगळे बरोबरच गेलते ना, बाय. परतेकाने घरवालीसाठी एकेक आनला.”